मंदच्या घरची हिनार

हिनारला सापाची भीती वाटते हे सिंजारच्या डोंगराखालच्या त्या गावात दोघींनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः, दुसरी तिची आई. मंदच्या वंशातली पोर सापाला भिते म्हणजे मेंढपाळाने मेंढीला भिण्यातली गत. घराण्याचा मूळपुरुष शेख मंद, तो काळ्या सापाचं रूप घ्यायचा. म्हणून त्याचं रक्त सापाला बरोबर ओळखू येतं, असं सगळी पंचक्रोशी मानायची. कुठे साप निघाला की लोक बापाला न्यायचे, तो होता तोवर निभावलं. बाप गेला, भाऊ मोसुलला फौजेत अडकला. घरात मंदचं रक्त उरलं ते हिनारच्याच अंगात.

अंजिरं वाळत घालायचे दिवस होते. भर दुपारी शेजारची म्हातारी खोखे धापा टाकत आली आणि वाकून तिने विशीतल्या हिनारचा हात डोळ्यांना लावला.

"शेखांच्या लेकी, चला लवकर. साप शिरलाय. नातीच्या पाळण्यापाशी."

"मारा की मग." हिनार बोलून गेली.

खोखेने तिचा हात सोडला. "काळा आहे हो. काळ्याला मारायचं? आणि हे मंदच्या घरच्यांनी सांगायचं?"

"उन्हाने डोकं फिरलंय तिचं," आई मध्ये पडली आणि लेकीला आत ओढून म्हणाली, "जा."

"तू जा ना."

"मी सून गं या घरची. मला कुठे ओळखतोय तो?"

"आणि मला ओळखतो?"

"नुसती उभी राहा. पाय थरथरले तरी घागरा लांब आहे."

खोखेच्या दारात ही गर्दी. खोखेची सून कपाळाला हात लावून बसलेली. मंदच्या वंशजाचं सापाशी बोलणं परक्याने ऐकायचं नसतं, ही तिथली रीत. हिनार आत गेली तशी खोखेने बाहेरून कडी लावली.

"हाक मारा, मगच उघडते."

आत अंधार. भिंतीला टेकून पाळणा, आणि पाळण्याच्या हातभर वर, दगडांच्या फटीतून साप लोंबत होता. कोंबडीचं पिल्लू-बिल्लू काही गिळलं असणार. पोट फटीत रुतलेलं, ना पुढे ना मागे. हिनारला पाहून तो फुत्कारला. ओळख कसली नि काय.

पाळणा ओढावा तर साप बिथरणार. पोरीला पाळण्याशी पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं. तीन गाठी. हिनार गुडघ्यांवर बसली आणि पहिली गाठ सोडू लागली. वर बघायचं नाही म्हणून तिने बापाची गोष्ट आठवली: महापुरात जहाज ह्याच डोंगरावर आपटलं, बुडाला भोक पडलं. काळा साप वेटोळं करून त्या भोकात बसला आणि जगातली सगळी माणसं वाचली.

"मग साप बाहेर कधी आला?" लहानपणी तिने विचारलं होतं.

बाप हसला होता. "असलं कोण विचारतं?"

तिसरी गाठ सुटली. पोरीला छातीशी धरून तिने हाक मारली.

बाहेर एकच गलका. खोखेने नात सुनेच्या ओटीत दिली आणि विचारलं, "काय म्हणाला तो?"

हिनारला वाटलं, खरं सांगायचं तर आत्ताच.

"काही नाही म्हणाला. खोखे, मला सापाची भीती वाटते. लहानपणापासून. मला पुन्हा बोलावू नका."

खोखे खुदकन हसली, मागोमाग सगळी गर्दी.

"बापावर गेलीय थट्टेत," कुणी म्हणालं.

"मंदच्या घरचेच भितात म्हटल्यावर आपण तर मेलोच की," दुसऱ्याने भर घातली. "जाता जाता आमच्या भुशाच्या कोठीत डोकावता का? तिथेही एक आहे."

"आधी आतला काढू देत," खोखेने दटावलं आणि दार धरून उभी राहिली.

हिनारने मागोमाग येऊन गर्दीत उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती.

"भट्टीतून भाकरी काढायची सळई द्या," हिनार म्हणाली.

कडी पुन्हा बाहेरून लागली. भिंतीला शक्य तितकं अंग लांब ठेवून, तोंड फिरवून, ती फटीभोवतीची माती खरवडू लागली. "हलू नकोस," ती पुटपुटली. "तू तरी सूट."