त्यास विचारा

"त्यास विचारा."

हे दोन शब्द बोलताना ती समोरच्याकडे बघायची नाही. उजव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागे करायची, कारण मागे बहुतेक वेळा बाबू उभा असायचा. हॉटेलातला वेटर तिला विचारी, "ह्यांना काय आणू?" अंगठा मागे. डॉक्टर विचारी, "ह्याला कुठं दुखतंय?" अंगठा मागे. तमिळ माणसाला तेच तमिळमधून, "अवनै केळुंगो." मग समोरचा बाबूला विचारी, बाबू उत्तराला बराच वेळ घेई, मागची रांग कुरकुरू लागे आणि ती रांगेकडे अशी बघे की कुरकुर थांबे.

बाबू तिचा धाकटा भाऊ. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा तो पंचेचाळिशीचा होता, ती साठीला आलेली. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला इजा झाली होती. डावा पाय ओढत चालायचा. शब्द थोडे होते, आणि त्यातला सर्वांत स्पष्ट शब्द होता "नक्को."

दुसऱ्यांसाठी आयुष्य घालवलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याविषयी लिहिताना हात आपोआप मऊ पडतो. या बाईनं तशी सोय ठेवली नव्हती. चेन्नईत, पेरुंगुडीतल्या आमच्या इमारतीत तिला चांगलं म्हणणारं कोणी नव्हतं, आणि तिच्या मते इमारतीत चांगलं म्हणावं असं कोणी नव्हतं. सगळे तिला अक्का म्हणत, तेही शक्यतो लांबून.

घराणं तंजावरच्या मराठी लोकांतलं. घरी मराठी, बाहेर तमिळ, आणि भांडण ज्या भाषेत सुरू होईल त्या भाषेत. रेल्वेच्या कचेरीत नोकरी झाली. थोरली बहीण लवकर गेली, तिचा मुलगा हिनं वाढवला. तो सिरुसेरीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. अक्कानं लग्न केलं नाही. मी एकदा कारण विचारलं.

"मागणी आली होती की. बाबूचं काय करणार, म्हणाले. मी म्हटलं, त्यास विचारा. उठून गेले."

तळमजल्यावरच्या तिच्या घरातली पुढची खोली म्हणजे कारखाना होता. रोज सकाळी बाबू धरून त्याच्यासारखी आठ मोठी माणसं तिथं जमायची आणि तांबूलाच्या पिशव्या करायची. तमिळ लग्नात जेवून निघालेल्या पाहुण्याच्या हातात नारळ आणि विड्याची पानं घातलेली एक छोटी पिशवी देतात, ती पिशवी. कोणी कापड दुमडायचं, कोणी वधूवरांच्या नावांचा ठसा उठवायचं. बंदाची दोरी ओवून गाठ मारण्याचं काम बाबूचं. जिथं एक गाठ पुरे तिथं तो तीन मारायचा.

मंगल कार्यालयांना पिशव्या पुरवणारा कंत्राटदार एकदा तक्रार घेऊन आला.

"अक्का, या गाठींना फार वेळ जातो."

"एखादी सुटली का?"

"सुटली नाही, पण..."

"मग?"

कंत्राटदार पिशव्या घेऊन गेला. बाबू मात्र हाताला लागेल त्या वस्तूला गाठी मारत राहिला: खिडकीच्या गजांना, कपड्यांच्या दोरीला, फाटकाच्या जाळीला. माझ्या स्कूटरच्या हँडलला मारलेली गाठ मला कात्रीनं कापावी लागली. त्यावर अक्का म्हणाली, "विचारायचं होतं. सोडून दिली असती त्यानं."

माझी तिची पहिली भेट तिच्या दाराच्या साखळीआडून झाली. मी नुकतीच पुण्याहून चेन्नईच्या एका इंग्रजी दैनिकात आले होते, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते.

"काम काय?"

"मी पेपरात आहे. तुमच्या कामाविषयी लिहायचं होतं."

"माझं काय लिहायचं? काम ते करतात."

"त्यांच्याविषयी लिहीन. एक फोटो लागेल."

अंगठा मागे गेला. मी बाबूला विचारलं. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"नक्को."

"झालं," अक्का म्हणाली आणि दार लागलं. तो लेख कधी छापून आला नाही.

चेन्नईत अपंग माणूस दिसला की बघणाऱ्याच्या तोंडून "पावम" निघतं, म्हणजे बिचारा. त्या घरात या शब्दाला बंदी होती. रिक्षावाल्यानं तो उच्चारला तर ती भर रस्त्यात बाबूसकट उतरायची. एकदा एक सुखवस्तू कुटुंब मुलाच्या वाढदिवसाचं जेवण वाटायला गाडी घेऊन आलं. तिनं त्यांना फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. "ही माणसं कामाला येतात. पिशव्या पाहिजेत तर सांगा, करून देऊ." पायसमचे, म्हणजे खिरीचे, डबे आल्या गाडीनं परत गेले. ते जाताना आतून पाहणाऱ्या, पिशव्या करणाऱ्यांतल्या एकीनं अक्काशी दोन दिवस अबोला धरला.

इमारतीच्या सेक्रेटरींना हा कारखाना तिथून हलवायचा होता. रस्त्यावर नवी ऑफिसं उभी राहत होती, फ्लॅट बघायला सॉफ्टवेअरवाले येत होते, आणि आत शिरताच त्यांना पहिली दिसायची ती ही आठ माणसं. सेक्रेटरी नोटिसा काढत. तोंडी निरोप आणायचं काम त्यांच्या पत्नीकडे होतं. त्यांना सगळे मामी म्हणत. दोघींचं बोलणं जिन्यात चाले.

"अक्का, लोक घाबरतात हो."

"कोण घाबरतं? नाव सांगा. आम्ही सगळे भेटायला जातो त्यांना."

याच मामींच्या घरी नवरात्रात कोलू मांडत, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. बायकांना बोलावतात, बाहुल्यांपुढं प्रत्येकीला गायला सांगतात, हरभऱ्याचं सुंडल खायला देतात आणि निघताना तांबूल. तांबूल न घेता कोणी गेलं तर ते त्या घराला चांगलं नाही, असं मानतात. मामी कुंकवाचा करंडा घेऊन तळमजल्यावर आल्या तेव्हा मी तिथं होते.

"तुम्ही या अक्का. मुलांना इथंच असू द्या. त्यांचं सुंडल मी खाली पाठवते."

"मुलं कोण? बाबूची दाढी पिकली."

संध्याकाळी ती आठही जणांना घेऊन वर गेली. सगळे धुतलेल्या कपड्यांत, कपाळाला विभूती. मामींचा चेहरा उतरला, पण नवरात्रात दारातून परत कसं पाठवणार? सगळे बसले. बायका एकेक करून गायल्या. शेजारची सून गायली, तिची मुलगी गायली. मलाही विचारलं, मी एक आरती कशीबशी पार पाडली. विचारणं बाबूपाशी आलं आणि त्याला ओलांडून पुढं गेलं. मग मामी तांबूलाचं तबक घेऊन आल्या.

अक्कानं हात मागे घेतले. "सगळ्यांचं झालं नाही."

"झालं की."

अंगठा मागे गेला.

"ह्याला गाता येतं?" मामींनी विचारलं.

"मला काय विचारता?"

दाराबाहेर दुसऱ्या बायका चपला काढून ताटकळत होत्या. अक्का अशा जागी बसली होती की ती उठल्याशिवाय कोणाला आत येता येत नव्हतं. आतून सेक्रेटरी डोकावून गेले. तबक हातात धरून मामींचे हात भरून आले असावेत. शेवटी त्या बाबूकडे वळल्या आणि दात आवळून तमिळमध्ये म्हणाल्या, "बाबू, एक गाणं म्हणतोस का?"

बाबूनं वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत सगळ्या बाहुल्या पाहून घेतल्या.

"नक्को," तो म्हणाला. "सुंडल."

एक बाई हसली. अक्कानं दोन्ही हात पुढं करून तांबूल घेतलं. जिना उतरताना मी म्हटलं, "एवढं करून तो गायलाच नाही."

"गाण्यासाठी कोण गेलं होतं?"

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींची नवी नोटीस आली. पण पुढच्या वर्षी मामींनी बाबूला सगळ्यांच्या आधी विचारलं. बहुधा लवकर सुटका व्हावी म्हणून. तो पुन्हा नको म्हणाला.

मग तिच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि भाचा येऊन बसला. तिच्या पश्चात बाबूचं काय, हा प्रश्न इमारतीत सगळ्यांच्या मनात होता. तिच्यासमोर तो काढला भाच्यानं. कोवलमला, मच्छीमारांच्या वस्तीला लागून, अशा मोठ्या माणसांसाठी एक निवासी संस्था होती.

"मावशी, एकदा बघ तरी."

"तुझ्या घरी जागा नाही?"

"दोन खोल्या आहेत. लहान मूल आहे. मी ठेवीन त्याला, पण दिवसभर त्याच्याजवळ कोण असणार?"

"तुला वाढवताना मी हे कोणाला विचारलं नव्हतं."

तरी ती बघायला गेली, आठही जणांना बसमध्ये घालून. माझी सुट्टी होती म्हणून मीही गेले. संस्था स्वच्छ होती. अक्काला खाटा एका ओळीत दिसल्या, ताटांवर रंगानं लिहिलेली नावं दिसली. "सामान ठेवतात तशी माणसं ठेवली आहेत," असं तिनं तिथल्या व्यवस्थापकांना तोंडावर सांगितलं. शिवाय समोर समुद्र, आणि सुनामीला फार वर्षं झाली नव्हती. "तो एकदा येऊन गेलाय. पुन्हा आला तर बाबू पळेल?"

बाबू तोवर वाळूत एका होडीपाशी जाऊन बसला होता. एक म्हातारा जाळं दुरुस्त करत होता. बाबूनं होडीचा दोर हातात घेतला होता आणि तो म्हाताऱ्याच्या हातांकडे बघत होता. बसची वेळ झाली तरी उठेना. अक्कानं हाका मारल्या, मग जवळ जाऊन दोरावरची त्याची बोटं एकेक करून सोडवली. "चल, बस सुटेल." परतीच्या वाटेवर तो रडत होता.

"ऊन लागलं त्यास," ती मला म्हणाली आणि पेरुंगुडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

कोवलमचं नाव त्यानंतर त्या घरात निघालं नाही. भाचा येत राहिला, औषधं आणत राहिला, आणि दोघं दुसऱ्या विषयांवर भांडत राहिली.

अक्का एका सकाळी पिशव्यांच्या टेबलापाशीच गेली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. बाबूनं त्या दिवशी समोरच्या सगळ्या पिशव्यांना गाठी मारल्या, बंद न ओवलेल्यांनासुद्धा.

दिवसकार्य झाल्यावर पुढच्या खोलीत बैठक बसली. भाचा, सेक्रेटरी, मामी आणि मी. बाबू भिंतीशी बसून दोरी ओढत होता.

"कोवलमला जागा मिळतेय," भाचा म्हणाला. "उद्या त्यांची गाडी येईल."

"हेच योग्य," सेक्रेटरी म्हणाले. तळमजला रिकामा होणार होता.

मी म्हटलं, "अक्काला ते नको होतं. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. मग तुम्ही सांभाळता?" त्यानं हे रागानं विचारलं, पण प्रश्न खोटा नव्हता. मी भिंतीशी बसलेल्या बाबूकडे पाहिलं. मग भाचा अक्कानं काय म्हटलं होतं ते सांगू लागला, सेक्रेटरी तिला काय कळत नव्हतं ते सांगू लागले, आणि आवाज चढले.

"अवनै केळुंगो."

मामी बोलल्या होत्या. सूर अक्काचाच, भांडणाचा. "इतकी वर्षं त्या बाईनं माझा जीव खाल्ला. आता तुम्ही तरी विचारा त्याला."

भाचा बाबूसमोर उकिडवा बसला. "बाबूमामा, माझ्या घरी येतोस?"

बाबूनं वेळ घेतला. "नक्को."

"मग इथंच राहायचंय? ही ताई वर आहे."

बाबूनं माझ्याकडे पाहिलं.

"नक्को."

भाच्यानं आमच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "कोवलम?"

बाबूनं दोरी खाली ठेवली. उठला, पाय ओढत आत गेला, दोरीचं मोठं गुंडाळं छातीशी धरून बाहेर आला आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. त्याला परत आत आणायला आम्हाला संध्याकाळ झाली.

काय खाणार, कुठला सदरा, फोटो काढू का, गाणं म्हणणार का, सगळं सगळ्यांनी त्याला विचारावं म्हणून ती बाई जन्मभर भांडली. कुठं राहणार, एवढा एक प्रश्न तिनं त्याला विचारला नव्हता. उत्तर तिला बसमध्येच कळलं असावं.

उरलेल्या सात जणांचं काम त्यांच्यातल्या एकीच्या वडिलांनी आपल्या घरी नेलं. तळमजला भाड्यानं गेला. फाटकाच्या जाळीवरच्या गाठी रंगाऱ्याला सुटेनात. त्यानं त्यांच्यावरूनच रंग दिला.

काही महिन्यांनी मी कोवलमला गेले. बाबू होडीच्या सावलीत बसला होता, मांडीवर जाळ्याचा फाटका तुकडा. जाळंवाला म्हातारा म्हणाला की याच्या गाठी जाळ्याच्या कामाच्या नाहीत, म्हणून जुना तुकडा दिलाय. बाबूनं मला ओळखलं. निदान मान वर केली.

"बाबू," मी म्हटलं, "इथं बसू का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं, हातातल्या गाठीकडे पाहिलं. बराच वेळ गेला. म्हाताऱ्यानंही हातातलं काम थांबवलं.

"नक्को," बाबू म्हणाला.

मी थोडा वेळ उभी राहिले, मग बसच्या थांब्याकडे निघाले.