सातचा कप

झोम्बा शहरातल्या त्या कचेरीत सहा संगणक होते. त्यातला एक चालायचाच नाही, आणि एक फक्त फालेसी माक्विंजासमोर चालायचा. दुसरं कुणी बसलं की तो हटकून बंद पडे. "त्याला माणसं कळतात," असं फालेसी सांगायची. खरी गोष्ट अशी की टेबलाखालच्या वायरीवर नेमका कुठे पाय दाबून ठेवायचा हे तिला एकटीलाच माहीत होतं, आणि अकरा वर्षांत तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

कचेरीचं काम म्हणजे गावोगावची माहिती गोळा करणं. गणक सायकलवरून खेड्यांत जायचे आणि घरोघर विचारायचे, माणसं किती, कुणाचं वय काय, कोंबड्या किती, शेळ्या किती. भरलेले फॉर्म गोणीत बांधून झोम्बाला यायचे आणि फालेसी ते संगणकात चढवायची. आकडे चढवण्याचं हे काम ती एकोणिसाव्या वर्षापासून करत होती. तेव्हा ब्लँटायरला एका चहामळ्याच्या कंपनीत ती कार्डांना भोकं पाडायची. कुठल्या रांगेत भोक पडलं त्यावरून यंत्राला आकडा कळायचा. भोकांतून पडलेल्या कागदाच्या टिकल्या ती पिशवीत साठवून घरी न्यायची. चुलतबहिणीच्या लग्नात तिने त्या नवरानवरीवर अशा काही उधळल्या की नवरदेव आठवडाभर कान झाडत होता. "बिचाऱ्याच्या कानात अख्ख्या मळ्याची माहिती गेली होती," असं ती अजून सांगते.

पुढे कार्डं गेली, यंत्रं गेली, नवरा गेला, तिन्ही मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली. बोटं मात्र तीच राहिली. डोळे खिडकीबाहेरच्या डोंगरावर, तोंडात तळलेल्या गोड मंडासीचा तुकडा, आणि बोटं आकड्यांवर नाचतायत, अशी फालेसी दिवसाला दोनशे फॉर्म सहज संपवायची.

त्या वर्षी तिच्यावर नवा साहेब आला. टेम्वा न्यिरेंडा, उत्तरेकडचा, म्झुझूचा, तिशीही न गाठलेला, संख्याशास्त्राची पदवी घेतलेला. मुलगा हुशार होता आणि पायात नेहमी चकचकीत बूट असायचे. त्याने संगणकात एक तपासनीस बसवला. न पटणारं काही दिसलं की तो ओळ लाल करायचा. आई मुलापेक्षा अकराच वर्षांनी मोठी? लाल. एका घरात चौघांचंही वय चाळीस? लाल. मग काय, एकेका गावाचे फॉर्म चढवले की पडदा असा लालेलाल व्हायचा की जणू कुणी टोमॅटो फोडलेत.

"अमायी, आपले गणक झोपा काढतात," टेम्वा वैतागून म्हणायचा. झोम्बात मोठ्या बाईला अमायीच म्हणतात, मग ती हाताखाली का असेना. "हे बघा, पन्नास, चाळीस, साठ, चाळीस. अशी असतात का माणसांची वयं?"

"अशीच असतात, साहेब. खेड्यात वय विचारलं की माणूस आधी आभाळाकडे बघतो, मग म्हणतो, लिही चाळीस."

टेम्वाला हे पटत नसे. त्याला पटायचा एकच गणक, मोफात लिकोस्वे. मोफातचे चिकोम्वे गावचे बावन्न फॉर्म आले आणि पडद्यावर एकही लाल ओळ उमटली नाही. एकही नाही. टेम्वाने सगळ्यांसमोर मोफातला नवाकोरा रेनकोट बक्षीस दिला, त्याचा फोटो भिंतीवर लावला आणि शेजारची आणखी दोन गावं त्यालाच देऊन टाकली. मोफात हसत रेनकोट घालून बाहेर पडला. ऊन असं कडक होतं की रस्त्यावरचे कुत्रेही सावली सोडत नव्हते.

फालेसीने टाळ्या वाजवल्या. पण तिचा उजवा अंगठा तिला काहीतरी सांगत होता. शून्याची कळ अंगठ्याखाली असते. इतर गावं चढवताना दुपारपर्यंत तिचा अंगठा दुखून यायचा. मोफातची बावन्न घरं चढवली तरी अंगठा ताजातवाना, आणि सातच्या कळेवरचं पहिलं बोट मात्र ठणकत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने चहाच्या खोलीतले दहा कप आणून टेबलावर ओळीने मांडले आणि प्रत्येकावर शून्यापासून नवापर्यंत आकडा चिकटवला. मग घरून आणलेल्या राजम्याची पिशवी उघडली. मोफातच्या फॉर्ममधलं एकेक वय बघायचं आणि त्याचा शेवटचा आकडा जो असेल त्या कपात एक दाणा टाकायचा. सत्तेचाळीस, सातच्या कपात. तेहतीस, तीनच्या कपात. कपांअभावी कचेरीचा चहा बंद पडला आणि लोक कुरकुरायला लागले.

"म्हातारी भविष्य बघतेय," कुणीतरी म्हणालं.

"तुझंच बघतेय रे. शिजत नाहीये."

दोनशे साठ माणसं मोजून झाली. शून्याच्या कपात पाच दाणे. पाचच्या कपात सहा. सातच्या कपात अठ्ठावन्न, तीनच्यात त्याहून थोडे कमी. मग तिने दुसऱ्या एका गावाचे लाल ओळींनी भरलेले फॉर्म घेतले आणि तितकीच माणसं मोजली. तिथे शून्याचा कप काठोकाठ भरून दाणे बशीत सांडले.

दोन्ही गावांचे आकडे लिहिलेला कागद आणि कप घेऊन ती टेम्वाकडे गेली. टेम्वाने एक नजर टाकली. "अमायी, हा योगायोग असू शकतो. आणि गोल आकडे नसणं हे तर चांगलंच आहे. म्हणजे त्याने नीट विचारलंय."

"असेल बाबा. तू शिकलेला." फालेसी खुर्ची ओढून बसली. "बरं, माझ्या नातीने एक खेळ शिकवलाय. खेळतोस? मनातल्या मनात एक गाव घे आणि त्यातल्या चाळीस मोठ्या माणसांची वयं भराभर लिही. थांबायचं नाही, विचार करायचा नाही."

टेम्वाला चहाही मिळाला नव्हता आणि कामातही मन नव्हतं. त्याने लिहून टाकली. फालेसीने कागद घेतला, कप रिकामे केले आणि त्याच्यासमोरच दाणे टाकायला लागली. टप्, टप्. सातच्या कपात दहा, तीनच्या कपात आठ. शून्यात एकच दाणा गेला, आणि तो पडताना उगाच मोठा आवाज झाला.

"तुझ्या गावात कुणी चाळीस वर्षांचं नाही?" फालेसीने अगदी भोळा चेहरा करून विचारलं.

टेम्वाने शून्याचा कप उचलून आत बघितलं. "चाळीस लिहिलं असतं तर ते बनावट वाटलं असतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून मी टाळलं."

"तूही टाळलंस."

टेम्वाने दार लावून घेतलं. तासभर तो कागदावर काहीतरी मांडत होता. इतके सात नुसत्या योगायोगाने पडण्याची शक्यता किती, ते त्याने काढलं, आणि उत्तर बघून पेन खाली ठेवलं. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "पण नुसत्या दाण्यांवरून माणसाला फासावर नाही चढवायचं, अमायी. दाणे संशय घ्यायला सांगतात. खरं काय ते गावात जाऊनच कळेल. आपण आठ घरं तपासू. रस्त्याकडेची आठ."

"रस्त्याकडेचीच का? बूट मळतील म्हणून?"

कॉलेजात शिकलेलं टेम्वाला आता फालेसीकडून ऐकावं लागत होतं. आपण सोयीची घरं निवडली तर सोयीचंच उत्तर मिळणार. शेवटी बावन्न चिठ्ठ्या केल्या, फालेसीच्या डोक्यावरच्या रुमालात टाकल्या, चांगल्या घुसळल्या आणि चपराशाला डोळे मिटून आठ काढायला लावल्या. पहिलीच चिठ्ठी निघाली ती ओढ्यापलीकडच्या टेकडीवरच्या घराची. फालेसीला इतकं हसू आलं की ती रुमाल तोंडात धरून बाहेर गेली.

दोन दिवसांनी ते चिकोम्वेला पोचले. ओढ्यात टेम्वाचा एक बूट चिखलात रुतला. तो काढायला गेला तर पाय निघाला आणि बूट आतच राहिला. टेकडीवरच्या घरी, फॉर्मप्रमाणे, सदतीस वर्षांची बाई, त्रेचाळीस वर्षांचा नवरा, तीन मुलं आणि सात कोंबड्या असायला हव्या होत्या. अंगणात एक म्हातारा एकटाच मका सोलत बसला होता.

"बाबा, तुमची बायको कुठाय?" टेम्वाने विचारलं.

"वारली. तू जन्मायच्या आधी."

"आणि मुलं?"

"जोहान्सबर्गला. पत्ता असेल तर मलाही दे."

"तुमचं वय?"

म्हाताऱ्याने आभाळाकडे बघितलं. फालेसीने टेम्वाला कोपर मारलं.

"लिही सत्तर," म्हातारा म्हणाला. "नाहीतर ऐंशी लिही. ऐंशी जरा भारदस्त वाटतं."

"आणि कोंबड्या?"

"त्या घारीला विचार. रोज तीच मोजून जाते."

मग पुढची घरं. दोन घरं तर नव्हतीच, तिथे रताळ्याचे वेल होते. बाकीच्यांत माणसं होती, पण ती वेगळीच. एका बाईला फॉर्ममधलं स्वतःचं वय सत्तावीस ऐकून इतका आनंद झाला की ते बदलू नका म्हणून ती मागेच लागली. सात घरं झाली, सातही खोटी. आठवी चिठ्ठी होती अबिती जाफाली नावाच्या बाईची. त्या फॉर्मवर लिहिलं होतं, वय साठ, कोंबड्या दहा, शेळ्या पाच. बावन्नांतला हाच एक फॉर्म असा गोलमटोल होता.

घर सापडायला वेळ लागला नाही. त्याच्या अर्ध्या छपरावर नवं गवत चढलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यावर, तोंडात दोरी धरून, रेनकोट घातलेला मोफात लिकोस्वे बसला होता. गवत टोचू नये म्हणून घातला होता, असं त्याने नंतर सांगितलं.

"मोफात," टेम्वा खालून ओरडला, "तू आत्ता शेजारच्या गावात माहिती गोळा करतोयस ना?"

मोफातच्या तोंडातली दोरी पडली. अंगणात उभ्या असलेल्या अबिती जाफालीने कमरेवर हात ठेवले. त्या भागात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. ती दावणीच्या शेळीकडे वळली.

"शेळीबाई," ती मोठ्याने म्हणाली, "वर बसलेल्याला विचारा, हे लोक कोण? आणि तो मला म्हणाला होता की महिनाभर सुट्टी आहे, ती सुट्टी कसली?"

"सासूबाईंनी छप्पर करायला सांगितलं," मोफात वरूनच, पण टेम्वाकडे बघत म्हणाला. "नाही कसं म्हणणार साहेब? जावई आहे मी. सकाळी गवत कापायचं, दुपारी शाकारायचं. फॉर्म मग इथेच बसून... गुडघ्यावर ठेवून..."

"म्हणजे सगळं गाव तू छपरावरून मोजलंस?" फालेसीने विचारलं. "दिसतं का रे तिथून सगळं?"

"सासूबाईंचं तेवढं खरं लिहिलं," मोफात कसनुसा म्हणाला. "त्या खालीच उभ्या होत्या."

अबिती जाफालीने शेळीला सांगितलं की आपल्या घरात लबाड माणूस आला, आता गावात तोंड कसं दाखवायचं. शेळी पाला खात राहिली. टेम्वा संतापाने लाल झाला होता. तो मोफातला तिथल्या तिथे काढून टाकायला निघाला, पण एका पायात बूट नसल्यामुळे त्याला हवा तसा रुबाब येईना.

"काढलंस तर ही बावन्न घरं कोण मोजणार?" फालेसी म्हणाली. "तू? अनवाणी?"

शेवटी ठरलं ते असं. मोफातने बावन्नही घरं पुन्हा, पायी जाऊन मोजायची, आणि रेनकोट परत करायचा. छप्पर अर्धवट राहणार म्हणून अबिती जाफाली आधी भडकली. मग तिने शेळीला कळवलं की आपण स्वतः बरोबर जाणार. पुढचे नऊ दिवस मोफात पुढे आणि सासू दहा पावलं मागे, असे ते दारोदार फिरले. एखाद्या घरात त्याने पाणी न पिता लवकर आटोपतं घेतलं की मागून मोठ्याने खाकरण्याचा आवाज यायचा आणि तो परत आत जायचा.

ते बावन्न फॉर्म फालेसीने चढवले तेव्हा पडदा लालेलाल झाला आणि तिचा अंगठा तीन दिवस दुखत होता. टेम्वा तिच्या मागे उभा राहून प्रत्येक लाल ओळीला मान डोलावत होता. पुढच्या महिन्यात त्याने तपासनिसाला आणखी एक काम शिकवलं. लाल ओळी दाखवायच्याच, पण दर सोमवारी प्रत्येक गणकाच्या आकड्यांचे शेवटचे अंक वेगळे काढून दहा खांबांचं चित्रही काढायचं. चित्रात शून्याचा खांब फारच बुटका दिसला की टेम्वा चिठ्ठ्या करायचा आणि बूट काढून ठेवायचा. कप चहाच्या खोलीत परत गेले. राजमा फालेसीने शिजवला आणि सगळ्या कचेरीला मक्याच्या पिठाच्या नसिमाबरोबर वाढला.

मोफातने काम संपवलं आणि स्वतःच नोकरी सोडली. गणक म्हणून तो यथातथाच होता, पण छपरं फार सुरेख शाकारायचा. चिकोम्वेच्या आसपास आता त्याला लोक आधीपासून सांगून ठेवतात. फालेसीला बाजारात भेटला की तो लाजतो आणि ती मुद्दाम मोठ्याने विचारते, "काय रे, आज किती माणसं दिसली वरून?"

टेम्वाने नव्या गणकांच्या शिकवणीचा पहिला तास फालेसीला देऊन टाकला. तो ती आपल्या संगणकासमोर बसूनच घ्यायची. तिथे एका पोराने हात वर केला. "अमायी, लोकच खोटं सांगतात. वय खोटं, कोंबड्या खोट्या. मग आम्ही घरी बसून लिहिलं तर काय बिघडलं?"

"लोकांना खोटं सांगू दे," फालेसी म्हणाली. "तू दारात जा, दिलेलं पाणी पी, विचार आणि ते सांगतील ते लिही. त्यांचं खोटं मला वापरता येतं. ते सगळे एकाच ठिकाणी, गोल आकड्यावर, खोटं बोलतात, म्हणून मला ते ओळखता येतं. तुझ्या खोट्याचं मी काय करू?"

पोराने ते वहीत लिहून घेतलं. फालेसीने वाकून बघितलं आणि त्याला शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. मग ती चहा आणायला निघून गेली आणि जाताना संगणकाच्या वायरीवरून पाय काढून घेतला, म्हणजे ती परत येईपर्यंत कुणी कामाला लागायला नको.