आबांचा पाय आणि माझी दोन वर्षं

आबांच्या पायाचं बोट काळं पडलं होतं, पण ते माझ्यापासून लपवत होते. सकाळी नदीवरून आंघोळ करून येताना पायाला फडकं गुंडाळूनच येत. "ठेच लागलीय," म्हणत. एक दिवस वास आला, तेव्हा मी हट्टानं फडकं सोडलं.

आबा म्हणजे माझे वडील. तालुक्यातल्या गावोगावच्या शाळांत मास्तरकी करून ते पेन्शनीत निघाले होते. आई कधीच गेली होती, भाऊ नव्हता. माझा नवरा प्लेगात गेला आणि सासरच्यांनी मला महिन्याभरात जुन्नरला आणून सोडलं. तेव्हापासून दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो.

दवाखान्यातले डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले. "मास्तर, हा मधुमेह आहे. पुण्याला जाऊन पाय गुडघ्याखाली कापून घ्या. नाहीतर चार महिने, फार तर सहा."

"आणि कापला तर?"

"जखम भरली तर दोन-तीन वर्षं. पण भरेलच असं मी सांगत नाही. कुणी कुणी टेबलावरच जातात."

घरी आल्यावर आबांनी पोस्टाचं पुस्तक काढून हिशोब मांडला. इस्पितळात औषधाला पैसे पडत नसत, पण गाडीभाडं, पुण्यातला मुक्काम, नंतरचं दूध आणि पट्ट्या, यात पोस्टातली सगळी शिल्लक जाणार होती. "हे बघ," ते म्हणाले, "मी इथंच गेलो तर पेन्शन थांबेल, पण शिल्लक तुला राहील. पाय कापून वाचलो तर शिल्लक जाईल, पेन्शन चालू राहील. आणि तिथंच गेलो, तर तुला दोन्ही नाही. हे त्रैराशिकात बसत नाही."

"तुमचं काय? तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" ते म्हणाले. "मला नदीवर जाता येतंय तोवर पुरे आहे. घरात बसून तुझ्या हातानं सगळं करून घ्यायचं, ते मला जमायचं नाही."

तिथं मी थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "आबा, तुम्ही गेलात तर मी कुठं जाऊ?"

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बरं. पण तू सातवीच्या परीक्षेला बसायचंस, म्हणजे मास्तरणीची नोकरी मिळेल. मी शिकवीन."

पुण्याच्या वाटेवर कळंबला गाडीवानानं बैल पाणी पाजायला सोडले. "मास्तर, हितल्या शाळंत व्हता ना तुमी? माझा थोरला भाऊ तुमच्या हाताखाली शिकला," तो म्हणाला. आबा हसले आणि काठी घेऊन खाली उतरले. मी हात द्यायला गेले तर मानेनंच नको म्हणाले. लंगडत घोड नदीपर्यंत गेले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडून बसले. गाडीवान म्हणाला, "बसू द्या, ताई. आपल्याला घाई न्हाई."

आबा वाचले. जखम भरायला चार महिने लागले, पण भरली. शेजाऱ्यांनी मला नशीबवान म्हटलं. घरातलं त्यांना काय ठाऊक? परसाकडे न्यायला मलाच त्यांना उचलावं लागे. तेवढ्यासाठी त्यांनी जेवणच कमी केलं. अर्ध्या भाकरीवर ताट सारत, पाणीही मोजकं पीत. मी रागावले की म्हणत, "भूक नाही गं." कधी कधी नसलेल्या पावलाला खाज सुटे आणि ते दात आवळून भिंतीकडे तोंड करत.

दर महिन्याला पेन्शनीसाठी कचेरीत हजर राहावं लागे. पहिल्यांदा मी त्यांना बैलगाडीतून नेलं, तेव्हा कारकून दौत-टाक घेऊन बाहेर आला. तो त्यांचाच विद्यार्थी होता. "मास्तर, तुम्ही उतरू नका, इथंच सही करा," तो अदबीनं म्हणाला. आजूबाजूला माणसं जमली होती. आबांनी सही केली, पण घरी येईपर्यंत धोतराच्या सोग्यानं तोंड झाकून घेतलं. त्यानंतर दर महिन्याला कचेरीत जायच्या आदल्या दिवशी ते एक शब्द बोलत नसत.

शिकवताना मात्र ते निराळे असत. व्यवहारी अपूर्णांक चुकले की पूर्वीसारखाच आवाज चढे. मला ते तास आवडत, आणि आवडतात म्हणून लाजही वाटे.

मी पास झाले. मुलींच्या शाळेत जागा मिळाल्याचा कागद मी त्यांना वाचून दाखवला. "आता झालं," एवढंच ते म्हणाले. पुढच्या पंधरवड्यात त्यांना ताप आला. डॉक्टरांना बोलावू का विचारलं तर म्हणाले, "आता तुझं अडत नाही ना? मग राहू दे." या वेळी मी हट्ट केला नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुढं मी बावीस वर्षं शिकवलं आणि आता मीही पेन्शनीवर आहे. ती दोन वर्षं मला मिळाली, त्यांना नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. तेव्हा मला आबा हवे होते की पेन्शन, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. दोन्ही, असंच उत्तर येतं. त्यांना मात्र मी कधी विचारलं नाही की तुम्ही माझ्यावर रागावला होता का. ते खरं सांगतील, याची मला भीती वाटायची.