आईच्या गळ्यातली चाल

हे लिहावं की नको, यात बरीच वर्षं गेली. एक तर माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात असलं काही सांगणं हीच लाजेची गोष्ट होती. वडिलांनी छप्पन साली, जामखेडकडच्या आमच्या खेड्यात असताना, दीक्षा घेतली. तेव्हापासून घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, कुणाला ‘बाहेरचं’ झालंय असं म्हणायची सोय नाही. कुणी भुताचा विषय काढला की बाबा शांतपणे विचारायचे, “तू सोता पाह्यलंस का?” आणि गोष्ट तिथंच संपायची.

तर हे मी स्वतः... पाहिलं नाही, ऐकलं. यात भूत नाही. वाचून कुणाच्या अंगावर काटा आला नाही तर माफ करा.

मी पियानो वाजवतो. जॅझ. नातेवाईकांना हे समजावणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. ‘अविनाश मोठ्या हॉटेलात पेटी वाजवतो’ एवढं त्यांना पुरायचं. आई नगरच्या एका मिशन हॉस्पिटलात नर्स होती. तिथल्या मेट्रनबाईंच्या क्वार्टरमध्ये पियानो होता. त्या बाईंनी मला लहानपणी बोटं ठेवायला शिकवलं. पुढं पुण्यात एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाच्या हाताखाली जॅझ शिकलो, आणि मग कुठल्याच बँडचा कायमचा न होता एकटा फिरत राहिलो. पुणे, मुंबई, गोवा, बेंगलोर. हॉटेलात काही महिने, मग एखादा छोटा दौरा, मध्येच स्वतःच्या रचना वाजवायची संधी. या रचनांसाठी बाकीचं सगळं.

आईनं यातलं काहीही ऐकलेलं नव्हतं. मी शाळेत असताना तिला टीबी झाला. इंजेक्शनांनी टीबी गेला, पण कानही गेले. दोन्ही. पुण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी मशीनवर तपासून सांगितलं होतं की नस गेली आहे, यंत्र लावूनही उपयोग नाही. त्याआधी ती कामं करताना गायची, असं माझी मोठी बहीण शालूताई सांगते. मला ते अंधुक आठवतं. कान गेल्यावर गाणं बंद झालं. बोलणं राहिलं, पण सपाट आणि मोठ्यानं, स्वतःचा आवाज कळत नसलेल्या माणसाचं असतं तसं. आमचे ओठ बघून तिला सगळं समजायचं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका उन्हाळ्यात माझं मुंबईच्या हॉटेलातलं काम गेलं. एक की-बोर्ड आणला त्यांनी, त्यात ढोल-तबल्यासकट सगळं भरलेलं, आणि बटणं दाबायला एक जण. पियानो लॉबीत शोभेला राहिला. मी सावेडीत आईच्या घरी आलो. बाबा तोवर गेले होते, आई हॉस्पिटलच्या स्टोअरमधून (कान गेल्यावर तिला तिथं बसवलं होतं) रिटायर होऊन एकटीच राहायची. “नवीन रचना करायला आलोय,” असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये माझ्या एकट्याचा कार्यक्रम ठरला होता. पण मी बेकार आहे हे आईला कळलं होतं. ती रोज सकाळी डबा भरून द्यायची, मी जणू ड्युटीवर निघालोय असा. तो डबा हातात घेताना मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

ड्युटी म्हणजे भिंगार कॅम्पातल्या एका जुन्या शाळेचा हॉल. तिथला पियानो मला सुट्टीभर वाजवायला मिळाला होता. सावेडी कुठं आणि भिंगार कुठं, हे नगरच्या लोकांना सांगायला नको. मध्ये अख्खं शहर आहे.

एका संथ रचनेवर मी अडकलो होतो. पहिला भाग छान जमला होता. चाल हळूहळू वर चढत जायची आणि एका जागी पोचून थांबायची. तिथून उतरायची वाट सापडत नव्हती. जे सुचेल ते कुठंतरी ऐकल्यासारखं वाटायचं. रोज दुपारी घरी येताना मी स्वतःवर वैतागलेला असायचो.

अशाच एका दुपारी दारात चपला काढताना मला ती चाल ऐकू आली.

आई स्वयंपाकघरात खाली बसून सुपात मठ निवडत होती आणि गुणगुणत होती. माझी चाल. पहिल्यांदा वाटलं, माझ्याच डोक्यात वाजतेय. मी तिथंच उभा राहिलो. तिचा आवाज लहान होता, जरा घोगरा, पण सूर पक्का. जिथं मी एक सूर मुद्दाम किंचित खाली ओढला होता तिथं तीही ओढत होती. जिथं ठोका चुकवून उशिरा यायचं तिथं ती उशिरा येत होती. ज्या बाईला स्वतःचं बोलणं वर गेलं की खाली हे कळत नव्हतं, ती!

मी समोर जाऊन बसलो. तिनं वर पाहिलं आणि गुणगुणणं थांबलं.

“काय म्हणत होतीस आई?”

“काय म्हनते? काय न्हाई.” ती हसली. “म्या कुठं काय म्हनले? भूक लागली का?”

तिला माहीतच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल ते मीही स्वतःला म्हणालो. ही तिची जुनी एखादी ओवी असेल. लहानपणी माझ्या कानावर पडली, मी विसरलो, आणि आता माझीच म्हणून वाजवतोय. मला हे इतकं पटलं की मी जवळजवळ खूश झालो. खात्री करायला दुसऱ्या दिवशी भिंगारला जाऊन मी त्या चालीतलं एक वळण बदललं. सरळ जात होती ती मध्येच मागं वळवून परत पुढं नेली. घरी आलो आणि बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आई कपड्यांच्या घड्या घालायला लागली आणि गुणगुणायला लागली... वळण बदललेलं होतं. आणि ती माझ्या अडलेल्या जागी थांबली नाही. पुढं गेली. इतक्या सहज उतरली की दुसरं काही असूच शकत नव्हतं असं वाटलं. मी महिनाभर शोधत होतो ते हेच होतं.

या ठिकाणी चांगल्या मुलाचे डोळे भरून आले असते. मला राग आला. बेकार मी, घरी बसून आईच्या पेन्शनवर खाणारा मी, आणि एवढी एक गोष्ट जी माझी होती तीही आता माझी राहिली नाही असं काहीतरी. आणि रागातून एक घाणेरडी शंका आली, की हिला ऐकू येतं. कधीतरी कान परत आलेत आणि ही लपवतेय. भिंगारचा पियानो सावेडीत कसा ऐकू येईल, हा साधा प्रश्नसुद्धा मी स्वतःला विचारला नाही.

मी परीक्षा घेतली.

आई आतल्या खोलीत कपाटासमोर केस विंचरत बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मी आधी टाळी वाजवली. काही नाही. मग स्वयंपाकघरातून स्टीलचं मोठं पातेलं आणि उलथनं आणलं, तिच्या मागं उभा राहिलो आणि जोरात हाणलं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय पडलं म्हणून. आईचा हात केसांतून संथ फिरत राहिला. मी आणखी पुढं वाकलो, पातेलं जवळजवळ तिच्या कानाशी नेलं, हात उचलला, आणि समोर पाहिलं.

कपाटाला आरसा होता. ती आरशातून माझ्याकडं बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

“वाजव की,” ती म्हणाली. “डाक्टरनी बी आसंच केल्तं, मागून. तवा मला लई राग आल्ता. वाजव. मला ऐकू आलं तर पयला आनंद मलाच हुईल.”

तिनं वेणी घातली, उठली, माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि जागेवर नेऊन ठेवलं. संध्याकाळी नेहमीसारखं जेवायला वाढलं. मी तिच्याकडं बघू शकलो नाही, आणि तिच्याकडं न बघता तिच्याशी बोलता येत नाही. तर बोलणंच झालं नाही.

रविवारी शालूताई नेवाशाहून आली. ती तिथं शाळेत शिक्षिका. मी तिला काहीच सांगितलं नाही, मुद्दाम. दुपारी आम्ही दोघं बाहेर बसलो होतो, आई आत भाकरी करत होती. ताई बोलता बोलता थांबली.

“आई गातीये?” ती हळूच म्हणाली. “अव्या, आई गातीये रे.”

“ओळखीचं आहे?”

“नाही. तिचं एकही गाणं असलं नव्हतं. पण किती नीट...” तिला रडू येत होतं.

मी तिला रिक्षानं भिंगारला नेलं आणि पियानोवर ती रचना वाजवली, आईनं दिलेल्या उतारासकट. ताई एकदम उठून उभी राहिली. “हेच. हे आईला कुणी शिकवलं?” मग मी सगळं सांगितलं, पातेल्याचंही. तिनं पियानोचं झाकण लावलं. मग म्हणाली, “तिला सांगायला पाहिजे. ती गाते हे तिलाच माहीत नाही, आणि आपण दोघं बाहेर बसून ऐकतो. हे बरं नाही.”

मला सांगायचं नव्हतं. पण माझ्याकडं नको म्हणायला तोंड नव्हतं.

आम्ही तिच्यासमोर बसलो. मी सावकाश ओठ हलवत म्हणालो, “आई, तू गातेस. काम करताना. आम्ही ऐकलंय.”

ती आधी हसली. मग आमची तोंडं पाहून तिचं हसू गेलं. तिनं हात गळ्याला लावला, जसा पेशंटचा ताप बघावा तसा, आणि तसाच ठेवला.

“कवापासनं?”

“बरेच दिवस झाले.”

“म्हंजी शेजाऱ्यांनी बी ऐकलं आसंल.” तिचा चेहरा उतरला. “बेसूर रेकत आसंल मी. कुनी सांगितलं बी न्हाई.”

“बेसूर नाही आई. एकदम सुरात. माझ्यापेक्षा चांगलं.” ताईही मान हलवत होती.

आईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी आजारी असताना माझ्याकडं बघायची तसं. “आवि,” ती म्हणाली, “तुज्यावर आता कसा इस्वास ठिवू? परवा तू माज्या कानाशी भांडं वाजवत हुतास.”

मी तोंड उघडलं, पण तोवर तिनं माझ्या ओठांवरून नजर काढून घेतली होती.

त्या दिवसापासून आई गुणगुणली नाही. काम करताना ती ओठ मिटून घ्यायची. मी पाहायचो, ओठ अगदी पांढरे पडेपर्यंत. बोलणंही कमी केलं, आणि बोलली तर इतकं हळू की आम्हालाच पुढं वाकावं लागायचं.

पुण्याच्या कार्यक्रमाला ताईनं तिला आणलं. पहिल्या रांगेत बसवलं. मी ती रचना वाजवली. त्याआधी माइकवरून सांगितलं की हिचा दुसरा भाग माझा नाही, माझ्या आईचा आहे, आणि ती इथं बसली आहे. मला वाटलं, असं केलं की थोडं हलकं होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माना वळवून तिच्याकडं पाहायला लागले. माइक माझ्या तोंडासमोर होता, तिला माझे ओठ दिसले नव्हते. मला स्टेजवरून दिसलं, तिनं पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला, मग ताईकडं वळून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते ताईनं मला नंतर सांगितलं. “समदे का बघायल्येत? माज्या तोंडातनं आवाज आला का?”

ताईनं तिला समजावलं. तिनं मान डोलावली. पटलं की नाही, माहीत नाही.

पुढं माझं काम पुन्हा सुरू झालं, मी फिरत राहिलो. आई आणखी काही वर्षं होती. मी नगरला आलो की मुद्दाम दुपारचा बाहेरच्या खोलीत झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहायचो. आतून भांड्यांचा आवाज यायचा, पाण्याचा यायचा.

दोन-तीन डॉक्टरांना विचारलं. एकानं सांगितलं, कान गेले तरी मेंदूत जुनं संगीत शिल्लक असतं. जुनं, ठीक आहे. पण मी सकाळी बदललेलं वळण? त्यावर ते म्हणाले, तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल. ताईच्याही का, असं विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. जामखेडच्या मावशीला ती चाल ऐकवली, तिला ओळखीची वाटली नाही. बाबा असते तर त्यांनी काय विचारलं असतं ते माहीत आहे, आणि मी हो म्हणालो असतो. त्यापुढं त्यांच्याकडंही काही नसतं.

ते सुरू कसं झालं, याचं उत्तर माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर जरूर सांगा, मला खरंच हवं आहे. ते का थांबलं, हे मात्र कुणाला विचारावं लागत नाही.