‘येते’ म्हणाल्याचा गुन्हा

नदीकाठच्या त्या पितळी घंटेची केस आठवली की आजही माझं डोकं फिरतं. चोराचं मला काही नाही. चोर नोकरीभर पाहिले. संताप येतो तो शिकल्यासवरल्या, आपल्याच माणसांचा, आणि थोडा माझा स्वतःचा.

माझे वडील बंदरात कारकुनी करायला सिंगापूरला आले. मी इथंच वाढलो आणि इथल्याच पोलीस खात्यातून निवृत्त झालो. घरात मराठी, ठाण्यात इंग्रजी, असा सगळा जन्म गेला. ही केस शेवटच्या काही वर्षांतली आहे.

नदीला लागून जुन्या गोदामात एक पब होता. मालाच्या होड्या लागल्या की हमालांना बोलवायला जी घंटा वाजवत, ती तिथं दाराशी टांगलेली होती. त्या होड्यांवर काम केलेला एक चिनी म्हातारा, सगळ्यांचा अंकल, रोज पब उघडताना ती एकदा वाजवायचा आणि मग दाराशी बसून राहायचा. शुक्रवारी चांगी बिझनेस पार्कमधली आपली बँकवाली, आयटीवाली मंडळी यायची. ती बिअरइतकीच बटाटेवड्यासाठी यायची. वडे करायच्या मावशी. चिपळूणकडच्या, नवरा इथं शिपयार्डात होता, तो गेल्यावर त्यांनी पबचं किचन धरलं. एकुलती लेक आणि नातू इथंच. मावशी पीआर, म्हणजे इथल्या कायम रहिवासी होत्या आणि घंटा गेली त्याच महिन्यात त्यांचं परमिट नूतनीकरणाला होतं.

एका शनिवारी सकाळी घंटा जागेवर नव्हती. मॅनेजरनं तक्रार दिली आणि संशय मावशींवर घेतला. मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे होती. शुक्रवारी सकाळीच त्यानं त्यांना सांगितलं होतं, की सोमवारपासून वडे बंद, तुमची गरज नाही. म्हणजे रागाचं कारणही मिळालं. वर त्यानं जबाबात लिहून दिलं, की पाच वाजता निघताना ती माझ्यासमोर म्हणाली, ‘आती हूँ’, म्हणजे परत यायचा तिचा बेत होता. उत्तर भारतातल्या वेटरनंही तेच सांगितलं. माझ्या हाताखालच्या सार्जंटनं दोन्ही जबाब नेटके टाइप केले आणि मावशींचा पासपोर्ट जमा करून घ्यायचा कागद माझ्यापुढे ठेवला. टेबलावर फायलींचा ढीग होता. मी न वाचता सही ठोकली. गुन्हा शाबीत झाला असता तर परमिट गेलं असतं, आणि लेकीला, नातवाला सोडून ती बाई एकटी परत गेली असती. ते सगळं माझ्या त्या एका सहीत होतं.

फाईल मी दोन दिवसांनी वाचली. ‘संशयित महिलेने परत येण्याचा इरादा बोलून दाखवला.’ हे वाक्य वाचलं आणि खुर्चीतच ताठ झालो. अरे, मराठी बाई घरातून निघताना दुसरं म्हणणार काय? ‘जाते’ म्हणायचं नसतं, हे माझ्या आईनं मला चालायला लागल्यापासून शिकवलं. मावशी आपल्या मोडक्या हिंदीत ‘येते’चं ‘आती हूँ’ करत होत्या. एवढंच.

वेटरला परत बोलावलं. विचारलं, “हे असं किती वेळा म्हणाल्या त्या?”

“रोज म्हणतात सर. आती हूँ म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत येत नाहीत. मला वाटायचं, वय झालंय, विसरतात.”

“आणि त्या शुक्रवारी?”

“त्या शुक्रवारी नाही म्हणाल्या. एप्रन खुंटीला अडकवला आणि ‘जाती हूँ’ म्हणाल्या. मला चमत्कारिकच वाटलं.”

“मग जबाबात का नाही सांगितलंस?”

“मला विचारलं, निघताना ती काय म्हणते. त्या दिवशी काय म्हणाली, असं कुणी विचारलंच नाही सर. आणि मॅनेजर तर तेव्हा पबमध्ये नव्हतेच.”

मग मावशींना बोलावलं. मराठी ऐकल्यावर त्यांचा बांध फुटला. “जाते म्हणाले साहेब. जन्मात पहिल्यांदा. घरी जाऊन रडले, असं अभद्र तोंडातून निघालंच कसं म्हणून. तेवढी चूक झाली माझ्याकडून, ती मी कबूल करते.”

चोरीच्या तपासात बसलेली बाई एका शब्दाची कबुली देत होती. मला तिच्याकडे बघवेना.

मॅनेजरला समोर बसवला. पाच वाजता कुठं उभा होतास? बारजवळ. नेमके शब्द? ‘आती हूँ.’ नक्की? “हजारदा ऐकलंय मी,” तो म्हणाला. मी वेटरचा नवा जबाब त्याच्यापुढे सरकवला. त्यानं पाणी मागितलं आणि मग सगळं सांगून टाकलं. पबच्या जागेचा करार संपत आला होता, पब बंदच पडणार असं धरून एका संग्राहकाला घंटा द्यायचं यानं परस्पर कबूल केलं होतं. बुओना व्हिस्टाला त्याच्या कॉन्डोच्या स्टोअर-रूममध्ये ती सापडली, पबच्याच टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेली.

खरा संताप पुढेच आहे. मावशींच्या ‘आती हूँ’वरून त्यांच्यावर संशय घेतल्याची गोष्ट वेटरनं शुक्रवारच्या मंडळींना आधीच सांगितली होती. त्यांच्या ग्रुपवर ती फिरली होती, खाली रडके चेहरेही टाकले होते. दहा-बारा मराठी माणसं, प्रत्येकाची आई ‘येते’ म्हणणारी, आणि ठाण्याला एक फोन कुणी करू नये? मी त्यांच्यातल्या एका बँकवाल्याला तोंडावर विचारलं.

“साहेब, आमचा पीआरचा अर्ज चालू आहे,” तो म्हणाला. “उगाच पोलिसांच्या भानगडीत कशाला पडायचं? आणि तुम्ही लोक शोधालच की.”

मी म्हटलं, “तिचंही परमिटच होतं हो. वडे खाताना मावशी, आणि वेळ आली की भानगड?” त्यानं घड्याळ बघितलं.

आलं कोण होतं? अंकल. मराठीचा एक शब्द न येणारा तो म्हातारा सलग तीन दिवस ठाण्याच्या बाकावर येऊन बसायचा. सार्जंटला आपल्या सिंगापुरी इंग्रजीत एकच सांगायचा, “आंटी नो टेक, लाह.” आम्ही ते लिहूनही घेतलं नव्हतं, कारण तो पुरावा नव्हता.

त्या केसपासून निवृत्तीपर्यंत मी न वाचता सही केली नाही, आणि प्रत्येक जबाबाला विचारत गेलो, हे नेहमीचं सांगतोयस की त्या दिवसाचं? तपासाचं मी एवढंच शिकलो. माणसांचं जे शिकलो ते अजून गिळवत नाही.

घंटा परत टांगली त्या दुपारी पबच्या मालकानं सगळ्यांना बोलावलं. मावशींचा पासपोर्ट मी स्वतः नेऊन दिला. सही माझी होती म्हणून माफीही मागितली. शुक्रवारची मंडळी फुलं घेऊन हजर होती. “मावशी, आता सोमवारपासून वडे चालू ना?” बँकवाला म्हणाला. मालकानंही हात जोडले. मावशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, खुंटीवरचा आपला एप्रन काढला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि सगळ्यांकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “जाते.”

वेटरला काही कळलं नाही. मराठी मंडळींना कळलं. एकाचंही तोंड वर झालं नाही.

दाराशी अंकल बसला होता. मावशी त्याच्यापाशी थांबल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “येते हं.”

त्यानं मला विचारलं, काय म्हणाली?

“परत येते म्हणाली,” मी सांगितलं.

“आय नो, लाह,” अंकल म्हणाला.