देवाजीभाऊंची आमसभा

देवाजीभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते स्वतःच्याच धाकट्या भावाची बैलबंडी रांगेतून मागे वळवत होते. ब्रह्मपुरीच्या बाजूला शेतकऱ्यांनी सहकारी सोसायटी काढून धानाची गिरणी सुरू केली होती. देवाजीभाऊ तिचे अध्यक्ष आणि मी सभासदांतलाच नवा चिटणीस; लिहिणं-वाचणं माझ्याकडे, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. अध्यक्षांचा भाऊ म्हणून तो मध्येच घुसला होता.

"घरी तू माहा भाऊ," ते बैलाचा कासरा धरून म्हणाले, "इथी तू सभासद. जा, मांगं लाग."

भाऊंचं शिक्षण चौथीपर्यंतचं. अंगकाठी उंच, खांदे पुढे झुकलेले, आवाज खालचा. आमसभेत मी ठराव वाचला की ते तो आपल्या बोलीत समजावून सांगत आणि शेवटच्या ओळीतल्या कुणाला तरी विचारत, "काय समजलं, सांगा बरं? समजल्याबिगर हात वर करू नका." यापायी सभा दिवसभर चाले. एकदा वैतागून मी म्हणालो, "भाऊ, सगळे हो म्हणतातच की!"

"हो म्हणते मनूनच भेव वाटते, मास्तर."

गावात जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार होते. मालगुजारी गेली, तरी शेती त्यांच्याकडे उदंड होती आणि निम्मं गाव ती बटईने, अर्ध्या वाट्यावर कसत होतं. एका हंगामात त्यांच्या वीस बंड्या गिरणीवर आल्या. त्यांच्या आधी फुलाबाई ढिवरीण एकच पोतं डोक्यावर घेऊन आली होती. तळ्यातली मासोळी आणि बटईचा तुकडा यांवर जगणारी ती विधवा. मालगुजारांच्या दिवाणजीने तिचं पोतं बाजूला सारलं. भाऊंनी ते स्वतः उचलून यंत्राशी नेऊन ठेवलं.

"एका पोत्यासाठी वीस बंड्या थांबवता?" दिवाणजी ओरडला.

"पोतं नाई, सभासद थांबला होता," भाऊ म्हणाले.

त्याच वर्षी आमसभेपुढे ठराव आला: ज्यांचं धान जास्त, त्यांना गिरणीत पहिला मान. भाऊंनी आपल्या सवयीप्रमाणे तो ठरावही दोनदा समजावून सांगितला. मालगुजार पुढे खुर्चीवर बसून, मान वळवून मागच्या ओळी न्याहाळत होते. मी भाऊंच्या कानाशी लागलो, "सभा तहकूब करा. तुम्हाला तो अधिकार आहे."

"मी हरून राह्यलो मनून? नाई."

हात वर गेले. मोठ्या शेतकऱ्यांचे थोडे, त्यांची शेती कसणाऱ्यांचे पुष्कळ. सगळ्यांत शेवटी, जमिनीकडे पाहत, फुलाबाईने हात वर केला. भाऊ ओळीओळीतून फिरले आणि एकेक हात त्यांनी स्वतः मोजला. विरोधात चारच निघाले. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. भाऊंनी ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं, गिरणीची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि अध्यक्षाची खुर्ची सोडून ते खाली सतरंजीवर, सभासदांत जाऊन बसले.

सभा उठल्यावर फुलाबाई रडत आली. "भाऊ, जमीन त्याइचीच कसतो. काढून घेतली तं पोराइले काय खाऊ घालू?"

"बाई, हात तुमचा हाये. मले काऊन सांगता?" आवाज मऊ होता, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या माघात अवकाळी पाऊस आला. मोठ्यांचं धान भरडून झालं होतं; लहानांच्या बंड्या तिसऱ्या दिवशीही बाहेर उभ्या होत्या. त्यांत भाऊंचीही होती. पोत्यांतून धानाला मोड फुटू लागले. मला राहवेना. "तुमची बंडी तेवढी पुढे घेतो," मी म्हणालो.

"सभेनं ठरवलं हाये ना?" ते म्हणाले आणि अंगावर घोंगडी ओढून तिथेच बसून राहिले.

वर्षभरात ते हिवतापाने अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो. खाटेशेजारी बसून गिरणीच्या गोष्टी केल्या, आणि मग बरेच दिवस मनात असलेलं बोलून टाकलं, "भाऊ, त्या आमसभेत मी तुमच्याविरुद्ध हात वर केला नव्हता."

त्यांनी डोळे उघडले.

"माह्या बाजूनं तरी कुठी केला, मास्तर?"

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते खरोखरच विचारत होते, उत्तरासाठी थांबले होते. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि उठलो.

तिसऱ्या दिवशी ते गेले.