मिलच्या फाटकापाशी बाबा सरकले

मंडळी, आत्ताच घरी आलोय, आधी हे सांगतो.

आज बाबांना माझ्या नव्या छोट्या गाडीतून विजय नगरला नेत होतो. एसी, कॅमेरा, मायलेज, सगळं कौतुक सांगून झालं. बाबा शेजारी बसून नुसते "बढिया है भिया" म्हणत होते.

बंद मिलच्या फाटकापाशी सिग्नल लागला आणि बाबा एकदम माझ्या अंगावर सरकले. त्यांचं कोपर गियरला आपटलं.

"अहो बाबा, काय करताय?"

"सवय रे," म्हणाले आणि ओशाळले.

बाबा कामाला होते ती ही मिल बंद पडल्यावर त्यांनी जुनी ॲम्बेसेडर घेऊन टॅक्सी चालवली होती. पुढे एकच लांबलचक सीट, गियर स्टिअरिंगपाशी. सांवेर रोडच्या कारखान्यांत काम शोधायला निघालेले मिलचे दोस्त सकाळी याच फाटकावर उभे असायचे. बाबा गाडी थांबवून जागा करायला उजवीकडे सरकून आपल्या दाराला चिकटायचे, "आओ भिया, हो जाएगी जगह!" पुढेच चौघं मावायचे. शाळेला निघालेला मी मागे कुणाच्या तरी मांडीवर.

सिग्नल सुटला. बाबा फाटकाकडे बघत हळूच म्हणाले, "आता कोणीच नसतं रे इथे."

तुमच्या घरी अजून कोण, कोणासाठी असं सरकून बसतं?